उंदीर परत आला

“आत्या, तो उंदीर परत आला!”

खांद्यामागून हे ऐकू आलं तेव्हा मी तीन तासांपासून एका भिंतीशी झटापट करत होते. भिंत म्हणजे भिंतीचा फोटो. जुना चुन्याचा गिलावा, मधूनमधून सुटलेले पोपडे, खालच्या अंगाला चढलेली ओल. माझ्या हिशेबाने काम झालं होतं. फोटोचा चौकोन शेजारी शेजारी लावून पडदाभर पसरवला होता आणि कुठेही जोड दिसत नव्हता. मी पडद्याला नाक टेकवून जोड शोधत होते आणि सापडत नाही म्हणून खूश होत होते. सात वर्षांच्या भाच्याला मात्र जोडात काडीचा रस नव्हता. त्याला एका पोपड्याच्या जागी उंदीर दिसला होता. पाठ फुगवून बसलेला, तोंड डावीकडे, मागे बारीक शेपटी. मग त्याच्या उजवीकडे तसाच दुसरा. खाली तिसरा. बोट ठेवत ठेवत त्याने बारा मोजले आणि खेळायला निघून गेला.

त्यानंतर मला त्या भिंतीवर भिंत दिसेनाशी झाली.

हे काम माझ्याकडे आलं ते एका मैत्रिणीमुळे. ती फावल्या वेळात एक छोटा कॉम्प्युटर गेम बनवते आहे. त्यात एक लांबलचक बोळ आहे, दोन्ही बाजूंना उंच भिंती. “तुझ्याकडे जुन्या भिंतींचे एवढे फोटो पडलेत, त्यातल्या एकाची टाइल करून दे ना,” ती म्हणाली. “५१२ बाय ५१२ पिक्सेल. सीमलेस हवी, बाकी काही नाही.” बोळ ४० मीटर लांब, भिंती ४ मीटर उंच. अख्ख्या भिंतीचं एकच चित्र लावायचं तर संगणकाच्या स्मृतीवर फुकटचा भार. म्हणून २ मीटरचा एक चौकोन करायचा आणि तोच एका बाजूला ४० वेळा लावायचा. दोन्ही बाजू धरल्या तर ८० वेळा. म्हणजे, आता मला कळतंय त्याप्रमाणे, ८० उंदीर.

५१२ हा आकडाही तिने उगाच दिला नव्हता. दूरची भिंत रंगवताना ग्राफिक्स कार्ड त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान होत जाणाऱ्या प्रती वापरतं, अगदी एका पिक्सेलपर्यंत. ५१२ नऊ वेळा निम्मे करता येतात आणि मध्ये कुठेही अपूर्णांक येत नाही. म्हणून २५६, ५१२, १०२४ ही मंडळी या धंद्यात फार जुनी आहेत.

सीमलेसला मराठीत काय म्हणायचं यावर मी थोडा वेळ वाया घालवला, हे कबूल करते. आधी ‘बेजोड’ सुचलं. शब्दाची फोड बरोबर आहे, पण अर्थ भलत्याच गावाला गेलेला. बेजोड भिंत म्हटलं की तिला बक्षीस द्यावंसं वाटतं. ‘अखंड’ खोटं आहे, कारण ही भिंत तुकड्यांचीच. शेवटी ‘बेमालूम’वर येऊन थांबले. मालूम न होणारं. जोड आहेत, भरपूर आहेत, फक्त ते कळू द्यायचे नाहीत. रफू बेमालूम असावा लागतो, वेशांतर बेमालूम असावं लागतं, चोरीही. या कामात तिन्ही थोडं थोडं आहे.

पहिली चूक कॅमेऱ्यापाशीच झाली होती. सुरुवातीला निवडलेला फोटो उन्हातला होता. तिरप्या उजेडात प्रत्येक पोपड्याला स्वतःची सावली, फार देखणा. पण त्याची डावी बाजू उजवीपेक्षा जराशी उजळ होती. एकट्या फोटोत हे कळतही नाही. शेजारी शेजारी लावलं की उजळ, मंद, उजळ, मंद असे पट्टे उठतात आणि भिंतीचा पन्हळी पत्रा होतो. त्यात लेन्सची भर. बऱ्याच लेन्स चित्राचे कोपरे किंचित काळवंडून टाकतात. चार चौकोनांचे चार कोपरे एका ठिकाणी आले की तिथे एक धुरकट फूल उमलतं, आणि अशा फुलांची रांग लागते.

यावर हाय पास नावाचा फिल्टर असतो. चित्रातले मोठाले, सावकाश होणारे उजेड-अंधाराचे चढउतार तो काढून टाकतो आणि बारीक खरखरीतपणा ठेवतो. त्याची त्रिज्या हातानेच जुळवावी लागते. कमी ठेवली तर भिंतीचा करडा सांगाडा उरतो, जास्त ठेवली तर पट्टे जिथल्या तिथे. मी बराच वेळ खालीवर केलं, आणि मग ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोंचा गठ्ठा उघडून त्यातून दुसरी भिंत निवडली. कॅमेरा भिंतीच्या अगदी समोर धरलेला, सगळीकडे सारखा मऊ उजेड. जे काम ढगांनी फुकट करून ठेवलेलं असतं ते फिल्टरकडून करून घ्यायचा हट्ट मी दर वेळी का धरते, कोण जाणे.

मग ऑफसेट. या सगळ्या प्रकरणातला माझा लाडका भाग. फोटोशॉपमध्ये हा फिल्टर यादीच्या तळाशी ‘अदर’ नावाच्या अडगळीत पडलेला असतो, गिंप नावाच्या दुसऱ्या चित्र-प्रोग्रॅममध्ये तो लेयरच्या मेनूत सापडतो. चित्र अर्ध्या रुंदीने उजवीकडे आणि अर्ध्या उंचीने खाली सरकवायचं, एवढंच तो करतो. पण उजवीकडून जे बाहेर पडतं ते डावीकडून आत येतं, आणि खालून पडतं ते वरून. समजा एका चौकोनी कागदाची वरची कड खालच्या कडेला चिकटवली, की नळी झाली. नळीची दोन टोकं वळवून एकमेकांना जोडली, की सायकलच्या चाकातली ट्यूब. कागद सुरकुतेल, पिक्सेल सुरकुतत नाहीत. टाइल ही अशा ट्यूबवरची जागा आहे. तिला कड नसतेच. आपण कुठेतरी कात्री चालवून ती सपाट केलेली असते म्हणून कड दिसते. ऑफसेट म्हणजे ट्यूब जरा फिरवून दुसरीकडे कापणं.

ऑफसेट केल्याबरोबर चित्राच्या मधोमध एक मोठं अधिकचं चिन्ह उगवतं. ज्या कडा कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या त्या आता मध्यावर खेटून उभ्या असतात आणि त्यांचं मुळीच पटत नसतं. इकडची भेग तिकडे पोचतच नाही, ओलीचा डाग सुरीने कापल्यासारखा सरळ तुटतो. बाहेरच्या कडा मात्र आपोआप जुळलेल्या, कारण मूळ फोटोत त्या जागा शेजारीशेजारीच होत्या. म्हणून पथ्य एकच: कडांना हात लावायचा नाही. दुखणं मध्यावर आलंय, जे काय करायचं ते तिथे.

तिथे क्लोन स्टॅम्प घेऊन बसायचं. ऑल्ट दाबून भिंतीचा धड भाग उचलायचा आणि त्या रेषेवर थापत जायचं. गिलाव्याच्या फोटोवर गिलावाच. हात आधी मऊ कडांच्या ब्रशकडे जातो, माझाही गेला. मऊ ब्रशने जोड लपतो खरा, पण जिथे ब्रश अर्धपारदर्शक असतो तिथे दोन खरखरीत थर एकमेकांत मिसळून गुळगुळीत होतात. हे गणितच आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन दाणेदार थर निम्मे-निम्मे मिसळले तर दाण्यांचा उठाव साधारण ७० टक्क्यांवर उतरतो. भिंतीवरून कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखा पट्टा दिसतो. गिंपमध्ये एका झटक्यात सीमलेस करून देणारा फिल्टर आहे, तोही चित्र आणि त्याची सरकवलेली प्रत अशीच एकमेकांत विरघळवतो. वाळूला, ढगांना, गवताला चालून जातं. भेगांची त्यात भुतं होतात, अर्धवट दिसणारी.

ठणठणीत कडेचा, लहान ब्रश घेतला तेव्हा कुठे जमायला लागलं. आणि एक गोष्ट हाताला उमगली. सरळ जोड डोळा लगेच पकडतो, वाकडा सोडून देतो. म्हणून भेग जिथे जाते तिथून जोड न्यायचा, पोपड्याच्या काठाकाठाने, ओलीच्या कडेकडेने. अलेक्सेई एफ्रॉस आणि विल्यम फ्रीमन यांनी २००१ मध्ये ‘इमेज क्विल्टिंग’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात दोन तुकडे थोडे एकमेकांवर ठेवतात आणि जिथे त्यांच्यातला फरक सगळ्यात कमी, त्या वाटेने संगणक नागमोडी कापतो. गोधडीचं नाव दिलंय आणि शिवण मात्र दिसू द्यायची नाही! हे वाचलं तेव्हा माझ्या दुखऱ्या मनगटाला जरा बरं वाटलं. आपण अडाणीपणाने का होईना, बरोबर वाटेवर होतो.

अधिकच्या चिन्हाची चार टोकं मात्र कडांना जाऊन भिडतात. तिथे दुरुस्ती केली तर जुळलेली कड बिघडते, नाही केली तर जोड उरतो. म्हणून पुन्हा ऑफसेट, या वेळी फक्त आडवा. मग फक्त उभा. शेवटी मी १३७ आणि ९१ असे कसलेही वेडेवाकडे आकडे घालून चित्र आणखी दोनचारदा फिरवते. बरोबर निम्म्यावरच्या जागा बघून बघून डोळ्यांना पाठ झालेल्या असतात, अनोळखी जागी आणल्या की चुका उघड्या पडतात. क्रिता या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये डब्ल्यू दाबलं की चित्र चहूकडे पसरलेलंच दिसतं आणि ब्रश एका कडेतून बाहेर पडून समोरच्या कडेतून आत येतो. फोटोशॉपनेही २०२० मध्ये पॅटर्न प्रीव्ह्यू आणला. सोयीचे आहेत दोन्ही. मला तरी ऑफसेटच बरा वाटतो. त्यात जोड समोर येऊन उभा राहतो, तोंड लपवत नाही.

सगळं जुळल्यावर मी एक शहाणपणा केला. गिलावा जास्तच टोकदार वाटला म्हणून किंचित ब्लर दिला, आणि कडा पुन्हा फुटल्या. ब्लर करताना प्रत्येक पिक्सेलच्या शेजाऱ्यांचा सरासरी रंग काढावा लागतो. कडेच्या पिक्सेलला पलीकडे शेजारी कोण, हे फिल्टरला ठाऊक नसतं, मग तो कडेचाच रंग पुढे ओढून वेळ मारून नेतो. यावर इलाज म्हणजे टाइल तीन बाय तीन अशी नऊ वेळा मांडायची, सगळ्यांना मिळून ब्लर द्यायचा आणि मधली तेवढी कापून घ्यायची. तिला आठही बाजूंनी शेजारी तिच्यासारखेच. जेपीईजीत साठवतानाही असंच काहीसं होतं. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे डबे करून प्रत्येक डबा वेगळा दाबतो, कडेच्या डब्याला पलीकडचं सोयरसुतक नसतं. पीएनजी वापरावं आणि गप्प बसावं.

तर हे सगळं करून जोड संपले होते. आणि उंदीर होता.

मला तो कसा दिसला नाही? जोडच बघत होते म्हणून, हे एक. पण खरी लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या ढगाळ गठ्ठ्यातून मी हा फोटो निवडला तो त्या पोपड्यासाठीच. खाली तीन रंगांचे जुने थर दिसत होते, कडेला एक बारीक भेग लांबवर गेलेली. फोटो म्हणून त्याचा जीव तिथेच होता. एकदा दिसला तर देखणा, बारा वेळा दिसला तर पुरावा.

बेला युलेस या संशोधकाने बेल लॅब्जमध्ये ठिपक्या-रेघांच्या पोतांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८१ मध्ये ‘टेक्स्टॉन’ची कल्पना मांडली. लांबट ठिपके, रेघांची टोकं, रेघा एकमेकींना छेदतात त्या जागा, असल्या काही खुणा नजर लक्ष न देताच टिपते. बाकीचं शोधावं लागतं. उंदीर म्हणजे लांबट ठिपका. शेपटी म्हणजे टोक असलेली रेघ. सात वर्षांच्या मुलाला यासाठी काही वाचावं लागलं नव्हतं.

छापील वॉलपेपर करणाऱ्यांना हे दुखणं फार जुनं. त्यांची एक युक्ती म्हणजे हाफ ड्रॉप. शेजारचा पट्टा अर्ध्या नमुन्याएवढा खाली सरकवून लावायचा, म्हणजे ठळक फुलं एका आडव्या ओळीत येत नाहीत. मी मैत्रिणीला विचारलं, एकाआड एक टाइल अर्ध्याने खाली सरकवता येईल का? तिने पाच मिनिटांत करून पाठवलं. भाच्याला बोलावलं.

“आता ते उड्या मारतायत,” तो म्हणाला.

पुनरावृत्ती लपवायची नसती तर किती बरं होतं! १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावर पडदाभर पसरायचे ते नमुने आठ बाय आठ पिक्सेलचे असत, सुझन केअर यांच्यासारख्या चित्रकर्तीच्या हातचे. ६४ घरं, प्रत्येक काळं नाहीतर पांढरं, सगळा ऐवज ८ बाइटांचा. तिथे परत परत येणं हीच नक्षी होती. मग १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरने पानामागे चित्र पसरवायची सोय दिली आणि लोकांनी संगमरवर, ढग, चुरगळलेला कागद, काय वाटेल ते अक्षरांमागे लावलं. मीही लावलं आहे. अक्षरं कुणालाच वाचता येत नसत आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे. वेबपान कसं दिसावं हे सांगणाऱ्या सीएसएस या भाषेच्या १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीतही मागचं चित्र आपणहून आडवं-उभं पसरतं. पसरू नकोस, हे मुद्दाम सांगावं लागतं. मला हा नियम आवडतो. पण गिलाव्याच्या भिंतीला तो सोसत नाही, कारण तिला वर्षानुवर्षांच्या पावसाने घडवल्याचा आव आणायचा असतो, आणि पाऊस दर दोन मीटरला तोच उंदीर काढत नाही.

एकाऐवजी अनेक टाइल करणं हा आणखी एक मार्ग. हाओ वांग या गणितज्ञाने १९६१ मध्ये कडांना रंग दिलेले चौकोन मांडले. रंग जुळला तरच दोन चौकोन शेजारी बसणार. अशा चौकोनांच्या संचाने सगळं प्रतल भरता येत असेल तर ठरावीक अंतराने परत येणारी मांडणीही करता येईलच, असा त्यांचा कयास होता. त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्गर यांनी १९६६ मध्ये तो खोटा पाडला, त्यासाठी २०,४२६ प्रकारचे चौकोन रचून. ही संख्या पुढे ११ वर आली. चौकोनाचा हट्ट सोडला तर एकाच आकारावर भागतं, हे २०२३ मध्ये कळलं. डेव्हिड स्मिथ या निवृत्त मुद्रण-तंत्रज्ञाला टोपीसारखा तेरा बाजूंचा एक आकार सापडला. तो, आणि त्याचीच पालथी केलेली प्रत, मिळून सगळं प्रतल भरतात आणि मांडणी कधीच ठरावीक फेऱ्याने परत येत नाही. वांग यांचे चौकोन पोत पसरवायलाही वापरले गेले आहेत, फार नाही, आठेक टाइलवरही भागतं. मी हे सगळं मोठ्या उत्साहाने मैत्रिणीला सांगितलं.

“मला एक टाइल हवीय,” ती म्हणाली. “पीएचडी नकोय.”

राहता राहिला तो साधा, कंटाळवाणा उपाय. उंदीर पुसणं. मी बराच वेळ त्याच्या अवतीभवती घुटमळत राहिले. आधी नाक बोथट केलं, मग पाठ थोडी सपाट. तरी उंदीरच, फक्त म्हातारा. हीलिंग ब्रश घेतला. तो दुसरीकडचा पोत उचलतो आणि जिथे लावायचा तिथल्याच रंगा-उजेडात बसवतो, म्हणून डाग छान विरतात. पण पोपड्याच्या गडद काठाला तो जरा घासला तरी काठावरचा काळोख आत ओढून घेतो. उंदराच्या जागी काजळी. परत मागे, परत क्लोन स्टॅम्प. थर गेले, भेग गेली. एकूण अर्ध्या तासाचं काम, त्यातली दहा मिनिटं नुसतं बघण्यात गेली.

आणि उंदीर गेल्यावर त्याच्यामागे दडलेली एक पांढरी टिकली पुढे आली. इतके दिवस तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आता ती भिंतभर लुकलुकायला लागली. ती पुसली तर वाय आकाराची एक भेग. ती बुजवली तर एक गोल डाग. सगळंच पुसत गेलं तर शेवटी करड्या रंगाचा कागद हाती येतो, मग फोटो तरी कशाला काढायचा? चित्र पाव आकाराचं करून, डोळे बारीक करून बघत मी एके ठिकाणी थांबले. तिथे पाच-सहा भेगा होत्या, साधारण सारख्या वजनाच्या, कुणी कुणाच्या पुढे नाही.

फोटो काढायला शिकले तेव्हा पहिल्यांदा हेच कळलं होतं की नजरेला टेकायला कुठेतरी जागा हवी. इथे नेमकं उलटं. नजर कुठेही टेकता कामा नये, आणि तरी जागा रिकामी वाटता कामा नये. मैत्रिणीच्या बोळातून जो खेळाडू जाणार तो पळत जाणार, त्याच्यामागे काहीतरी लागलेलं असणार. भिंत बघायला त्याला सवड नाही. पण भिंत खोटी असेल तर ते त्याला न बघताच कळेल. इतक्या काळजीने केलेलं काम कुणी बघितलं तर फसलं, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही. मूळ फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिलाय. तीन रंगांचे थर, लांबवर गेलेली भेग, सगळं तसंच.

टाइल पाठवायच्या आधी भाच्याला पुन्हा बोलावलं. पडदाभर पसरलेल्या भिंतीपुढे तो हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला, एखाद्या तपासनिसासारखा.

“उंदीर गेला,” त्याने जाहीर केलं.

मी खुर्चीत मागे रेलले.

“पण आत्या, त्याची शेपटी राहिलीय.”

त्याने बोट ठेवलं. इथे. इथे. आणि इथे. खालच्या डाव्या कोपऱ्यातला जोड बुजवताना मी कधीतरी त्या पोपड्याच्या बाजूचा गिलावा उचलून तिथे थापला होता, आणि त्याच्याबरोबर ती बारीक, टोकाशी वळलेली रेघही आली होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. माझा तर उंदीरच होता.

तो खेळायला गेला. मी ऑफसेट उघडला. १३७, ९१.